‘बरा झाला’ या शब्दप्रयोगाची मर्यादा : बालवयातील कर्करोगातून वाचलेल्यांच्या आरोग्याचा इतिहास

मराठीत ‘वाचणे’ या रूपाचे दोन अर्थ आहेत : जीव बचावणे आणि लिहिलेले समजून घेणे. जुन्या लेखनात पहिल्या अर्थी ‘वांचणे’ असे अनुस्वारयुक्त रूप योजीत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्यावर दोन्ही क्रियापदे लेखनातही एकरूप झाली. व्युत्पत्तिदृष्ट्या हा निव्वळ योगायोग होय. परंतु बालपणी कर्करोगातून वाचलेल्यांच्या बाबतीत हे दोन अर्थ व्यवहारातही एकमेकांस बांधलेले आढळतात. करमाळा तालुका डोळ्यांसमोर ठेवून हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांसाठी परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. १९४८ मध्ये बोस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिनमुळे हा रोग काही काळ मागे हटतो असे दाखविले. यामागे आंध्रातून अमेरिकेस गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले संशोधन होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ ही उपचारयोजना परळ येथे सुरू झाली आणि तेथे उपचार घेणाऱ्या अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिक वाचू लागली. जेऊर स्थानकावर मुंबईची गाडी धरणाऱ्या करमाळ्याच्या आईबापांनाही आता मूल घेऊन परतण्याची आशा बाळगता येऊ लागली.

तथापि, रोग गेला म्हणजे सर्व संपले असे नाही. केवळ रोगमुक्ती पुरेशी नाही, हा विचार डॉ. ज्युलिओ डॅन्जिओ यांनी १९७५ मध्येच मांडला होता. काही औषधांनी हृदयाचे स्नायू दुर्बल होतात आणि ते कित्येकदा दहा-वीस वर्षांनी ध्यानात येते. मस्तकावरील किरणोपचाराने वाढ खुंटते व अभ्यासात अडचण येते. शिवाय वंध्यत्व व दुसऱ्या कर्करोगाचा धोका असतो. अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात रोगनिदान झालेल्या मुलांची जी दीर्घ पाहणी झाली, तिचे २००६ मधील निष्कर्ष बोलके आहेत. निदानानंतर ३० वर्षांत सुमारे ७३ टक्के व्यक्तींना एखादा तरी दीर्घकालीन विकार जडला होता. सुमारे ४२ टक्क्यांच्या बाबतीत तो गंभीर स्वरूपाचा होता.

आपल्याकडे या प्रश्नाची दखल लवकरच घेतली गेली, हे नमूद केले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. २००९ मध्ये वाचलेल्या तरुणांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने ‘उगम’ हा गट स्थापन केला. हे नाव लक्षणीय आहे. ‘बरा झाला’ हे साध्या भूतकाळाचे रूप प्रकरण मिटविते. ‘उगम’ हा शब्द आरंभ सुचवितो.

खेड्यात प्रचार मात्र पहिल्याच प्रयोगाचा. ‘पोर दुखण्यातून उठलं’ असे म्हटले की विषय संपतो. मुलगी उपवर झाली की जुना आजार सोयरिकीच्या बोलण्यातून कटाक्षाने वगळला जातो. कागद परळला राहतात आणि तिशीत दम लागू लागलेला माणूस करमाळ्याच्या डॉक्टरांपुढे बसतो, तेव्हा लहानपणी आपणांस कोणते औषध दिले होते, हे त्याला सांगता येत नाही. शेजारच्या बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम हे तालुके तिचे आरंभीचे क्षेत्र. परंतु अशा नोंदणीचा मुख्य हेतू नवे रुग्ण व मृत्यू मोजण्याचा असतो. जे राहिले त्यांचे पुढे काय झाले, हे सांगणे तिचे काम नव्हे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, उपचार संपताना प्रत्येक मुलाच्या हाती मराठीत लिहिलेला एक गोषवारा असावा : रोगाचे नाव, औषधे व त्यांची एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा, तारखा, आणि पुढे कोणती तपासणी केव्हा करावयाची ते. ज्या पेटीत सातबाराचा उतारा जपून ठेवतात, तिच्यातच त्याची जागा आहे. जो वाचला, त्याचा पूर्वेतिहास त्याला स्वतःला आणि त्याच्या गावच्या डॉक्टरांना वाचता आला पाहिजे. त्यावाचून त्याचे वाचणे अपुरे राहते.