नाटो : बदलत्या धोक्यांसोबत बदललेली लष्करी आघाडी

उत्तर अटलांटिक करार संघटना अर्थात ‘नाटो’ची स्थापना ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टन येथे १२ देशांनी केली. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारे पाचवे कलम हा या कराराचा पाया आहे. सोव्हिएत धोका समोर ठेवून आखलेले हे कलम आजवर एकदाच लागू झाले, तेही ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर नाटोने बोस्निया, कोसोव्हो आणि अफगाणिस्तान येथे मोहिमा राबवल्या. २००७ मध्ये एस्टोनियावर सायबर हल्ले झाले. पुढच्याच वर्षी टॅलिन येथे सायबर संरक्षण केंद्र स्थापन झाले. २०१६ मध्ये सायबर क्षेत्राला आणि २०१९ मध्ये अंतराळाला स्वतंत्र कार्यक्षेत्राचा दर्जा मिळाला.

रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेतला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर व्यापक आक्रमण केले. त्यामुळे सदस्यांच्या भूमीचे संरक्षण पुन्हा अग्रक्रमावर आले. लष्करी आघाड्यांपासून अलिप्त राहिलेले फिनलंड (२०२३) व स्वीडन (२०२४) सामील झाल्याने सदस्यसंख्या ३२ झाली.

मात्र नाटोतील निर्णय सर्वसहमतीने होतात. तुर्किये व हंगेरीच्या मंजुरीअभावी स्वीडनचा प्रवेश दीर्घकाळ रखडला होता. शिवाय, हल्ला झाल्यास कोणती मदत करायची, हे ठरवण्याचा अधिकार पाचवे कलम प्रत्येक सदस्याकडेच ठेवते. त्यामुळे आघाडीचे सामर्थ्य शस्त्रांइतकेच सदस्यांच्या परस्परविश्वासावर अवलंबून आहे.