रस्त्याचा हक आणि काठावरची शर्यत

आमच्या भंडारा जिल्ह्यात शर्यत म्हटलं की शंकरपट. धान कापून झालं, बांध्या कोरड्या पडल्या की साकोली-लाखनीकडच्या गावांमध्ये पटाची तयारी सुरू होते. बैलजोड्या येतात, लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी होतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. पट संपला की ती जमीन पुन्हा शेत होते. पाऊस पडला की तिथेच रोवणी.

म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाने मोबाईलवर पाहिलेल्या शर्यतीबद्दल विचारलं, तेव्हा त्याचा प्रश्न मला आमच्या मातीतला वाटला. हैदराबादला हुसेनसागरच्या काठी विजेवर धावणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली होती. तो म्हणाला, "सर, पट तर शेतात होतो. हे लोक रस्त्यावर शर्यत लावतात. रस्ता सगळ्यांचा असतो ना? मग तो बंद करायला कोणाला विचारलं?"

मी त्याला त्या दिवशी परवानगी, पोलीस, महापालिका असं काहीबाही सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की पाण्याच्या काठावरच्या रस्त्यांवर शर्यती घ्यायची एक मोठी परंपरा अमेरिकेत आहे आणि या मुलाचा प्रश्न तिथेही गेली पन्नास वर्षं वेगवेगळ्या शहरांत विचारला जातो आहे.

आधी थोडी ओळख. ज्या शर्यतीच्या गाडीची चाकं मुख्य सांगाड्याच्या बाहेर उघडी असतात आणि जिच्यात एकच माणूस बसतो, ती उघड्या चाकांची गाडी. फॉर्म्युला वन त्यातलंच आणि अमेरिकेतली इंडीकारही त्यातलीच. अमेरिकेत या गाड्या पूर्वी मुख्यतः लंबगोल धावपट्टीवर पळत. शहरातले नेहमीचे रस्ते काही दिवस बंद करून, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि जाळ्या लावून शर्यत घ्यायची पद्धत तिथे रुजली ती १९७५ नंतर, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या बंदराच्या शहरामुळे.

लाँग बीचचा त्या काळातला समुद्रकाठ पडीक होत चालला होता. जुन्या करमणुकीच्या जागा ओस पडलेल्या आणि शहराच्या मध्यभागाचं नाव वाईट झालेलं. क्रिस पूक नावाच्या एका ट्रॅव्हल एजंटने शहराच्या कारभाऱ्यांना पटवलं की मोनॅको जर समुद्राकाठच्या रस्त्यांवर शर्यत घेऊन जगाला ओळखीचं होतं, तर आपण का नाही? सप्टेंबर १९७५ मध्ये पहिली शर्यत झाली, पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वन आलं. १९७७ मध्ये मारिओ आंद्रेत्ती हा अमेरिकन चालक तिथे जिंकला आणि शर्यतीला घरचा नायक मिळाला. पण फॉर्म्युला वनचा खर्च शहराला आणि आयोजकांना जड होऊ लागला, तेव्हा १९८३ नंतर त्यांनी तो झगमगाट सोडला आणि १९८४ पासून स्वस्तात पडणारी देशी उघड्या चाकांची शर्यत आणली. पहिल्या वर्षी पुन्हा आंद्रेत्तीच जिंकला. २०२५ मध्ये लाँग बीचची पन्नासावी शर्यत झाली. मधल्या काळात तिथे हॉटेलं, सभागृहं, मत्स्यालय उभं राहिलं आणि शहर जसं बदललं तसा शर्यतीचा मार्गही बदलत गेला. शर्यतीसाठी शहर वाकलं नाही, शहरासाठी शर्यत वाकली. आजचा मार्ग साधारण ३.१७ किलोमीटरचा आहे.

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गची गोष्ट आणखी वेगळी. तिथे खाडीला लागून एक छोटा विमानतळ आहे. त्याची धावपट्टी शर्यतीपुरती गाड्यांची मुख्य सरळ रेषा होते आणि शर्यत संपली की तिथे पुन्हा विमानं उतरतात. उरलेला मार्ग उद्यानं आणि संग्रहालयं यांच्या बाजूने जातो. २००५ पासून इंडीकार तिथे येते. त्या वर्षी जिंकलेला डॅन व्हेल्डन २०११ मध्ये लास वेगासच्या शर्यतीत मरण पावला, तेव्हा या शहराने मार्गावरच्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. बाहेरून आलेल्या चालकाचं नाव शहर आपल्या रस्त्याला देतं, तेव्हा ती शर्यत पाहुणी राहिलेली नसते.

डेट्रॉइटची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे, कारण तिथे चूकही झाली आणि ती दुरुस्तही झाली. मोटारींचं हे शहर नदीच्या काठावर आहे. १९८२ ते १९८८ फॉर्म्युला वन शहराच्या मध्यभागी, नदीकाठच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी धावलं. ते गेल्यावर तीन वर्षं देशी शर्यत त्याच रस्त्यांवर झाली. मग १९९२ पासून शर्यत नदीतल्या बेल आइल या बेटावर नेली. कागदावर सोपा मार्ग. बेटावर दुकानं नाहीत, वाहतूक अडत नाही. पण ते बेट म्हणजे सुमारे ९८० एकरांचं सार्वजनिक उद्यान. गरीब कुटुंबांची रविवारची हक्काची जागा. भिंती उभ्या करायला आणि काढायला दरवेळी अनेक आठवडे लागत आणि जुन्या कारंज्याजवळ गाड्यांसाठी काँक्रीटचा भलामोठा पट्टा घातला गेला. वसंतातला ऐन फिरायचा काळ निघून जाई. २०१२ च्या शर्यतीत तर रस्त्याचे डांबराचे तुकडे उखडून वर आले आणि शर्यत थांबवून कमी फेऱ्यांत उरकावी लागली. बेटावरची ही शर्यत बंद करा म्हणणारे नागरिक वर्षानुवर्षं बोलत राहिले. अखेर २०२३ मध्ये शर्यत पुन्हा शहरात, नदीकाठच्या रस्त्यांवर आली आणि आयोजकांनी परिसराचा निम्म्याहून जास्त भाग लोकांना फुकट खुला ठेवला. ज्यांचा रस्ता घेतला, त्यांना निदान बघायला तिकीट लागू नये, एवढं शहाणपण यायला तीस वर्षं लागली.

या तिन्ही ठिकाणी शर्यत पाण्याकाठीच का आली? कारण सोपं आहे. काठाच्या रस्त्याला एक बाजू रिकामी असते, त्यामुळे निम्मीच वस्ती अडते. हे रस्ते रुंद आणि सपाट असतात, कारण बरेचदा पाणी हटवून, भराव टाकून ते केलेले असतात. लाँग बीचचा शोरलाइन ड्राइव्ह असाच भरावावरचा. शिवाय टीव्हीवर पाणी छान दिसतं, शहराची जाहिरात होते. पण नेमका हाच काठ शहरातल्या गरिबाची एकमेव फुकटची हवा असतो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आता हैदराबादकडे येऊ. हुसेनसागर हा तलाव हैदराबाद शहराच्याही आधीचा. इब्राहिम कुली कुतुबशाहच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास तो बांधला गेला. हजरत हुसैन शाह वली यांच्या देखरेखीखाली काम झालं म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. शहर वसलं ते १५९१ मध्ये. म्हणजे आधी पाणी, मग शहर. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे लगेच कळेल. इथे कोहळी समाजाने बांधलेले तलाव आधी, त्यांच्याखालची धानाची शेती आणि गावं मग. तलावाची पाळ ही कोणा एकाची नसते, कारण ती फुटली तर सगळ्यांचं बुडतं.

हुसेनसागरच्या काठाला मात्र नंतर वेगळं रूप आलं. नव्वदच्या दशकात नेकलेस रोड झाला, उद्यानं झाली, तलाव आक्रसला. लुंबिनी पार्क, सचिवालय आणि एनटीआर मार्ग यांच्या भोवती २.८३ किलोमीटरचा, १८ वळणांचा मार्ग आखला गेला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या जागतिक स्पर्धेची भारतातली पहिली शर्यत तिथे झाली. फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न जिंकला. मैदानात महिंद्राचा देशी संघही होता. मला ते पाहताना अभिमान वाटला, हे लपवत नाही. दख्खनच्या एका तलावाचं नाव जगभर घेतलं जात होतं.

पण दुसरी शर्यत झालीच नाही. १० फेब्रुवारी २०२४ ही तारीख ठरलेली होती. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला फॉर्म्युला ईने शर्यत रद्द झाल्याचं जाहीर केलं. आयोजकांचं म्हणणं, सरकारी खात्याने करार पाळला नाही. नव्या सरकारचं म्हणणं, आधीच्यांनी रीतसर मंजुरी न घेता जनतेचा पैसा दिला. डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ५५ कोटी रुपयांच्या व्यवहाराबद्दल लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने माजी मंत्र्यांसह काही जणांवर गुन्हा नोंदवला. त्यांनी आरोप फेटाळले. त्यात खरं-खोटं न्यायालय बघेल. मला दिसतं ते एवढंच की लाँग बीचची शर्यत पन्नास वेळा झाली आणि हैदराबादची एकदाच.

फरक पैशाचा नाही. डेट्रॉइट तर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलेलं शहर. फरक असा की लाँग बीचमध्ये शर्यत शहराची झाली. कारभारी बदलले तरी ती राहिली, कारण ती कोणा एका कारभाऱ्याची नव्हती. हैदराबादची शर्यत एका सरकारची होती. सरकार गेलं, शर्यत गेली. काठावर राहणाऱ्या, चालणाऱ्या, कणीस विकणाऱ्या लोकांची ती कधी झालीच नव्हती. म्हणून ती गेल्यावर तिच्यासाठी कोणी रस्त्यावर आलं नाही.

आपल्या दीनमध्ये शर्यतीला मनाई नाही. मदिनेत खुद्द प्रेषितांच्या (स.) काळात घोड्यांच्या शर्यती होत. तयार केलेल्या घोड्यांसाठी लांबचं अंतर आणि इतर घोड्यांसाठी जवळचं, असा भेद करून शर्यतीची हद्द ठरवून दिली जाई. पण त्याच शिकवणीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण कमी सांगतो. रस्त्यात बसणाऱ्या साथींना प्रेषितांनी (स.) ताकीद दिली. बसणं टाळता येत नाही असं ते म्हणाले, तेव्हा मग रस्त्याला त्याचा हक द्या, असं बजावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास न देणं हा त्या हकाचा भाग आहे. रस्त्याला हक असतो, हा विचार मला फार मोठा वाटतो. रस्ता ही केवळ सरकारची मालमत्ता नाही, ती चालणाऱ्यांची अमानत आहे.

हे लिहिताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. ईदच्या नमाजला जागा अपुरी पडून सफा रस्त्यावर आल्या की लगेच आवाज उठतो, रस्ता अडवला म्हणून. मग शर्यतीसाठी कित्येक दिवस रस्ता बंद झाला तर त्याला विकास का म्हणायचं, असं आपल्यातले तरुण विचारतात. त्यांचा राग मला समजतो. मोजमाप दोन असू नयेत, हे म्हणणं योग्यच आहे. पण म्हणून त्यांनी अडवला तर आम्हीही अडवू, हे उत्तर होऊ शकत नाही. एकच मोजमाप लावायचं तर ते स्वतःपासून लावावं लागेल. आपली मिरवणूक असो, लग्नाचा मांडव असो, डीजे असो, की कोणाची शर्यत, प्रश्न तेच: ज्यांचा रस्ता आहे त्यांना विचारलं का? रुग्णाला वाट ठेवली का? काम झाल्यावर रस्ता होता तसा परत दिला का?

या तीन प्रश्नांवर सेंट पीटर्सबर्ग बऱ्यापैकी उतरतं, कारण तिथे धावपट्टी पुन्हा विमानांना मिळते. बेल आइल उतरलं नाही, म्हणून शर्यतीला जागा सोडावी लागली. शंकरपटाबाबत चौथा प्रश्न मुक्या जनावराचा आहे. त्यासाठी ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यांचे नवे कायदे मान्य केले. पटवाल्यांना तेव्हा बंदी जाचली, पण आज अटी आहेत त्या त्या वादामुळेच. शर्यतीला नियम लागतात आणि ते प्रेक्षकांच्या टाळ्यांतून येत नाहीत, प्रश्न विचारणाऱ्यांमुळे येतात.

तो मुलगा आता दहावी होऊन पुढे गेला आहे. मध्यंतरी बाजारात भेटला, तेव्हा मी त्याला हे सगळं थोडक्यात सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "म्हणजे सर, विचारायला पाहिजे होतं, एवढंच ना?" मी म्हटलं, हो बेटा, एवढंच. आणि परत द्यायला पाहिजे.