अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंगकाम : खर्चाचा अंदाज

गिऱ्हाइकाने दिलेल्या मापानुसार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पाइप वा सेक्शन कापून, वाकवून आणि वेल्डिंगने जोडून टाकी, शिडी, गाडीचा हौदा अशी वस्तू बनवण्याआधी केलेला खर्चाचा हिशेब. जालना हे भंगार वितळवून सळई लाटणाऱ्या मिलांचे शहर. इथे लोखंड टनावर विकले जाते आणि ग्रिल-शेडच्या मजुरीचा भावही किलोमागेच सांगण्याची सवय असते. तोच हिशेब अ‍ॅल्युमिनियमला लावला की कारागीर हमखास तोट्यात जातो.

एक मीटर लांबी-रुंदी-उंचीची, वरून उघडी टाकी घ्यावी. तिला पाच चौरस मीटर पत्रा लागतो. तीन मिलिमीटर जाडीत लोखंडाचे वजन सुमारे ११८ किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमचे साडेचाळीस. जोड मात्र दोन्हींत आठ मीटरच. म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते, काम तेवढेच राहते. खरे तर वाढते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांपुढेही टिकतो. त्यामुळे प्रत्येक कड तेलमुक्त करून स्टेनलेस ब्रशने घासावी लागते. शेजारी लोखंडाचे ग्राइंडिंग चालू असेल तर त्याचा कीस जोडात जाऊ नये म्हणून जागा आणि हत्यारेही वेगळी ठेवावी लागतात.

टिग वेल्डिंगचा वेग मिनिटाला बारा सेंटिमीटर धरल्यास आठ मीटरला ६७ मिनिटे आर्क चालते. मिनिटाला बारा लिटर आर्गॉन वायू धरल्यास सुमारे ८०० लिटर जातो, म्हणजे सात घनमीटरच्या सिलिंडरचा नववा भाग. पण आर्कची मिनिटे हा मजुरीचा लहान भाग; सफाई, जोडाला आधी टाके मारणे, पत्रा वाकला तर सरळ करणे यांतच दिवस जातो. म्हणून मजुरी तासावर किंवा जोडाच्या मीटरवर काढावी, किलोवर नव्हे.

मिश्रधातूची निवडही रक्कम हलवते. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद वेल्डजवळ निम्म्याच्या आसपास येते. भार पेलणाऱ्या कामात त्यापोटी जाडी वाढवावी लागते.

धातूचा भाव लंडन मेटल एक्स्चेंज आणि डॉलरच्या दराबरोबर हलतो, म्हणून कोटेशनवर मुदत लिहितात आणि जीएसटी वेगळा दाखवतात. कापातून उरलेले तुकडे विकून काही पैसे परत येतात. मात्र वेगवेगळे ग्रेड एकाच ढिगात पडले की भंगारवाला भाव पाडतो.