अर्क, शेक आणि ऋजीष

वाइनसाठी द्राक्षे पिळून झाली की साल, बिया आणि देठ यांचा लगदा मागे उरतो. अलीकडे प्रयोगशाळांतून या लगद्याला मोठा मान आला आहे. त्यातून द्रव काढतात, काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींवर तो घालतात. काही प्रयोगांत त्याच पेशींना फिजिओथेरपीतला श्राव्यातीत ध्वनीही देतात आणि पेशी तगतात का, वाढतात का, हे मोजतात. हे मराठीत सांगू लागलो की घरचेच शब्द पुढे येतात: चोथा, अर्क, पेशी, शेक. कुठल्याही मालवणी स्वयंपाकघरात आणि कुठल्याही दवाखान्यात ऐकू येणारे. पण यांतले बहुतेक शब्द जिथे दिसतात तिथले नाहीत.

आधी अर्क. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क आपण औषधाच्या दुकानात मागतो. मुलगा ‘बापाचा अगदी अर्क’ असतो, आणि माणसाचा चेहरा चार रेषांत पिळून काढला की ते अर्कचित्र होते. संस्कृतात अर्क आहेच. तो अर्च् धातूतला, म्हणजे झळकणारा सूर्य, आणि रुईचे झाडही. तिसरे लग्न अशुभ मानून आधी रुईशी जो विवाह लावत, तो अर्कविवाह याच अर्काचा. पण बाटलीतल्या अर्काचे सूर्याशी नाते दिसत नाही. तो अरबी ‘अरक’, म्हणजे घाम. भट्टीवर चढवलेल्या भांड्याच्या तोंडाशी वाफ थंड होते आणि तिचे थेंब अंग घामेजावे तसे टिपटिपतात, ते पाहून कुणा अरब रसायनज्ञाने हे नाव दिले असावे. हाच घाम तुर्कस्तानात राकी झाला, जाव्यापर्यंत आरक होऊन गेला, आणि दोडामार्गावरून सीमा ओलांडली की गोव्यात काजूच्या पहिल्या धारेचा ‘हुर्राक’ झाला. तिथली फेणी मात्र संस्कृत ‘फेन’, म्हणजे फेस, या शब्दाची लेक दिसते. हुर्राक अरबी आणि फेणी संस्कृत, दोघे एकाच भट्टीतले.

अरबी अरक आणि संस्कृत अर्क यांचे रूप इतके जुळले की पुढे संस्कृतानेच पाहुण्याला घरात घेतले. ‘अर्कप्रकाश’ नावाचा वैद्यकग्रंथ आहे. त्याचे कर्तृत्व थेट लंकापती रावणाकडे दिले जाते, आणि विषय आहे वनस्पतींपासून यंत्राने अर्क काढण्याचा. ग्रंथ बराच अर्वाचीन असावा. परका शब्द पचवायला दशानन लागला, असे म्हणायला हरकत नाही.

घामाचा धागा हाती आलाच आहे तर तो सोडवत नाही. संस्कृतात घाम म्हणजे स्वेद, आणि स्वेदन ही आयुर्वेदातली घाम काढण्याची क्रिया. रसशास्त्रात हाच शब्द माणसावरून द्रव्यावर आला. पाऱ्याच्या अठरा संस्कारांतला पहिला स्वेदन. औषधी द्रवात पारा पोटलीत टांगून आचेवर ठेवायचा, त्यालाही घाम आणायचा. म्हणजे अरबाला भांड्याच्या तोंडाशी घाम दिसला आणि भारतीय रसवैद्याला पोटलीत. दोघांनी एकमेकांचे पाहून ही उपमा घेतली असेल असे नाही. आग आणि ओल एकत्र आली की माणसाला बहुधा स्वतःचे अंगच आठवते.

चरकाने स्वेदनाचे जे तेरा अग्निस्वेद सांगितले त्यांत एक परिषेक आहे. ऊन काढ्याची धार दुखऱ्या भागावर धरणे. सिच् म्हणजे शिंपडणे; त्यातून सेक, परिषेक आणि देवावरचा अभिषेक. मराठी ‘शेक’ याच सेकाचा वंशज असावा. उन्हाऊन पाणी शिंपण्यातले पाणी हळूहळू आटले, ऊन तेवढे उरले, आणि विटेचा, तव्यावर तापवलेल्या फडक्याचा कोरडा शेकही शेकच झाला, अशी वाट दिसते. हिंदी ‘सेंकना’ पाहून काही अभ्यासक मुळात तापवण्याचाच एखादा निराळा धातू मानतात. तेही अशक्य नाही. पण मला ओली वाट अधिक पटते, आणि तिला एक अनपेक्षित साक्षीदार आहे.

कंबर धरली की मालवणात कुणीही सांगेल, ‘मशीनीचो शेक घेतलंय.’ ते मशीन म्हणजे पुष्कळदा श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र. माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो. या यंत्राची कंपने सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख असतात. विशिष्ट स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवले. त्याची उलट बाजू धरून, विजेने स्फटिक थरथरवून, पहिल्या महायुद्धात पॉल लान्जव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी समुद्रात ध्वनी सोडला. त्या झोतात सापडलेले छोटे मासे मरताना दिसले, आणि हा न ऐकू येणारा आवाज जिवंत शरीरावर काही करतो, हे लक्षात आले. १९२७मध्ये वुड आणि लूमिस या शास्त्रज्ञांनी ते पद्धतशीर तपासले. मालवण बंदरातल्या ट्रॉलरवर मासळीचा थवा दाखवणारा फिश फाइंडर आणि फिजिओथेरपिस्टच्या हातातला गोल दांडा ही एकाच घराण्यातली भावंडे.

आता साक्षीदार. हा ध्वनी हवेतून अंगात शिरत नाही. हवेच्या पातळ थरावरूनसुद्धा जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणून आधी कातडीवर पाणीदार जेल चोपडावे लागते. प्रयोगशाळेतही पेशींची थाळी आणि यंत्राचे तोंड यांच्यामध्ये पाणी किंवा जेल हवेच. आणि हाड सांधायला जो सौम्य, तुटक ध्वनी देतात, तो साधारण सेकंदाला १५ लाख कंपनांचा, दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट इतक्या हलक्या ताकदीचा, रोज २० मिनिटे. त्याने ऊब जवळपास येतच नाही. परिणाम होतो तो थरथरीचा. म्हणजे मधल्या काळात ‘शेक’ शब्दाने पाणी टाकून उष्णता धरली होती. या यंत्राने उष्णता टाकून पुन्हा पाणी मागितले. शब्द मूळ घरी गेला, आणि नेणाऱ्यांना त्याची खबरही नाही.

चोथ्याची गोष्ट अवघड आहे. क्वाथ आणि चोथा यांचे यमक जुळते म्हणून नाते जोडण्याचा मोह होतो, पण क्वथ् धातूची मराठी लेकरे वेगळी आहेत. प्राकृतात त्याचा ‘कढ’ झाला, आणि कढणे, काढा, कढी ही मंडळी आली. (सोलकढी कढवत नाहीत, तरी ती कढी. ताकाच्या कढीशेजारी पानात बसली म्हणून तिला नाव मिळाले असावे. सोल मात्र सोलण्यातलेच, रातांब्याची सोललेली साल. आणि रातांबा म्हणजे राता आंबा, रक्त, रत्त, रात या वाटेने आलेला तांबडा.) क चा असा च होत नाही. चोथा देशी असावा, चोयटीच्या शेजारचा.

त्याचे परदेशी भाईबंद मात्र गमतीचे आहेत. पोर्तुगीजात द्राक्षाच्या चोथ्याला ‘बगासो’ म्हणतात, आणि त्या चोथ्यापासून काढलेल्या दारूलाही. स्पॅनिशमध्ये तो ‘बगासो’च्याच नावाने राहतो, फ्रेंचांकडे ‘बगास’ होतो, आणि मुळात लॅटिन ‘बाका’, म्हणजे द्राक्षासारखे बारके फळ, असावे. वेलीवरून हा शब्द उसावर उतरला आणि कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांत पोहोचला. तिथला फिटर उसाच्या चोयट्याला सहज ‘बगॅस’ म्हणतो, तेव्हा तो द्राक्षाच्या फळाचे नाव घेत असतो.

उरलेल्या गोष्टीला संस्कृतात किती नावे! तेलाच्या घाण्यातला तो पिण्याक, पिंडावरून आपली पेंड; तळाशी बसलेला कल्क; धातूचा मळ तो किट्ट, ज्याची मराठी ‘कीट’ भांड्याला चिकटते. यांतले काहीही फेकायचे नव्हते. लोखंडाचे किट्ट म्हणजे मंडूर; ते जितके जुने तितके चांगले, शंभर वर्षांचे उत्तम, आणि त्याचे भस्म पांडुरोगावर. पण या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय शब्द ऋजीष. सोमयागात सकाळी आणि दुपारी सोमाची वल्ली कुटून रस काढला की जो चोथा उरे तो ऋजीष. तिसऱ्या सवनात, म्हणजे रस काढण्याच्या तिसऱ्या फेरीत, हाच चोथा पुन्हा कुटून त्यातून रस काढत. ओला नारळ वाटून पहिला दाट रस बाजूला ठेवायचा, चोथ्यावर पाणी घालून दुसरा, मग तिसरा काढायचा, हे मालवणात ज्याने केले आहे त्याला तृतीय सवन समजावून सांगावे लागणार नाही. ऋग्वेदात इंद्राला ‘ऋजीषिन्’ हे विशेषण आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य त्याचा संबंध रस गेलेल्या सोमाशी लावतात: चोथ्याचा रस पिणारा. आधुनिक अभ्यासकांना ते ‘ऋजु’च्या घरातले, सरळ पुढे झेपावणारा अशा अर्थाचे वाटते. भाषाशास्त्राच्या बाजूने त्यांचे म्हणणे बळकट दिसते, पण सायणांचा इंद्र अधिक आवडतो. पुढे अमरकोशात ऋजीष म्हणजे पीठ भाजायचा तवा! यज्ञातून स्वयंपाकघरात हा शब्द कुठल्या दाराने शिरला, हे कोडे वाचकांपुढे ठेवतो.

पेशी शब्दाकडे वळण्याआधी दारूचा एक शब्द हवाच, कारण हा सगळा चोथा तिच्याच पायी उरतो. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. तेहरानमध्ये आजही औषधाचे दुकान ‘दारूखाना’; मुंबईत माझगावकडे आहे तो दारूखाना बंदुकीच्या दारूचा. तीच गत अरबी ‘श-र-ब’ची, म्हणजे पिण्याची. त्यातून शराब आणि त्यातूनच सरबत. मे महिन्यात अंगणात पाहुण्यापुढे येणारे कोकम सरबत आणि शराब सख्ख्या बहिणी. औषध, पेय आणि नशा यांच्या सीमा भाषेने कधीच आखल्या नाहीत. द्राक्षाच्या चोथ्यात औषध शोधणारे आज त्या पुसट रेषेवरूनच चालत आहेत.

पेशी हा शब्द आपण किती निर्धास्त वापरतो. सुश्रुताच्या शरीरात ५०० पेशी आहेत आणि ९०० स्नायू. त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, ज्याला आज आपण स्नायू म्हणतो. त्याचा स्नायू म्हणजे हाडे बांधणारी दोरी, जिला आज अस्थिबंध म्हणतात. म्हणजे स्नायू आपली जागा सोडून पेशीच्या जागेवर बसला आणि बेघर झालेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली. हिंदीने तिथे ‘कोशिका’ बसवली. वाटते दोन भाषा दोन दिशांना गेल्या. पण अमरकोश उघडावा: अंड्याच्या पर्यायांत पेशी आणि कोश शेजारी-शेजारी आहेत. मराठीने एक उचलला, हिंदीने दुसरा, आणि दोघींच्या हाती अंडेच आले. इंग्रजी ‘सेल’ मात्र खोली. रॉबर्ट हुकने १६६५मध्ये बुचाच्या झाडाच्या सालीचा काप पाहिला, त्यातल्या चौकोनांना लॅटिन ‘केला’वरून हे नाव दिले. वाइनचे तळघर, सेलर, त्याच शब्दाचे. बाटलीचे बूच, तळघर आणि पेशी अशी एका ओळीत बसतात.

सिंधुदुर्गात द्राक्षे नाहीत, पण चोथा भरपूर आहे. काजूची बी काढली की तिच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू बव्हंशी बागेतच कुजतो. घशाला खवखव आणणारे टॅनिन त्यात आहे आणि जीवनसत्त्व क संत्र्याहून अधिक. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती देऊन बी मोठी केली. बोंडूचे कोडे अजून सुटायचे आहे. रातांब्याची गोष्ट बरी. साल आमसुलात, रस आगळात, आणि फेकायची ती बी कुटून, उकळून, वर आलेली चरबी मुठीत वळून मुठेल. मूठ अधिक तेल, असेच असावे. पायाच्या भेगांवर ते चोळणारी आजी पेशींच्या दुरुस्तीचेच काम करत होती. आमसुलाच्या सालीतल्या गार्सिनॉलवर प्रयोगशाळांत पेशींचे प्रयोग झाले आहेत. देशावर, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी ‘मांजरी मेडिका’ ही गडद द्राक्षजात दिली. तिचा गरही लाल, म्हणून चोथाही रंगद्रव्याने भरलेला.

पण ‘अर्क’ म्हटल्यावर काय समजायचे? वैद्यांची शिस्त इथे आठवते. त्यांच्या पाच कषायकल्पना म्हणजे पाच नावे: पिळून काढला तो स्वरस, वाटला तो कल्क, उकळला तो क्वाथ, रात्रभर थंड पाण्यात ठेवला तो हिम, उकळते पाणी ओतून गाळला तो फांट. नावातच कृती. आधुनिक परिभाषेत आपण काढण्याच्या क्रियेला ‘निष्कर्षण’ म्हणतो, कृष् म्हणजे ओढणे. आणि शोधनिबंधाच्या शेवटी येतो तोही ‘निष्कर्ष’. एका धातूने द्रव ओढला, त्यानेच अनुमान ओढले. दोन्ही ओढताना सारखीच काळजी हवी, याचे एक ढळढळीत उदाहरण आहे. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, जितके जांभळे तितके जीवन. पण द्राक्षाच्या किंवा आमसुलाच्या सालीतली बहुफेनॉल द्रव्ये त्याच पिवळ्याला पेशींवाचूनही जांभळे करू शकतात. थाळीत एकही पेशी नसली तरी थाळी जिवंत दिसेल! म्हणून नुसत्या अर्काची, पेशी नसलेली थाळी शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्यापुढे, थाळीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे; तिथे फळलेला अर्क पोटात गेल्यावर रक्तापर्यंत किती पोहोचतो, हा प्रश्न वेगळा.

माझा कौल असा: मराठीत लिहिताना ‘अर्क’ ठेवावा, इतका मुरलेला शब्द टाकण्याचे कारण नाही, पण त्याच्यापुढे पाण्यातला, मद्यार्कातला, उकळलेला की भिजवलेला हे वैद्यांसारखे स्पष्ट लिहावे. उघड्या ‘अर्का’वर विश्वास ठेवू नये. ‘शेक’ही राहू द्यावा.

आणि एक विनंती. रस काढल्यानंतर उरलेल्या बोंडूला, आगळ काढल्यावरच्या रातांब्याच्या गराला, तिसरा रस निघाल्यावरच्या नारळाच्या चवाला देवगड, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, दोडामार्ग इथे घरात काय म्हणतात, ते उच्चारासह टिपून ठेवा. वस्तू टिकली तरी तिच्या उरलेल्या भागाचे नाव आधी जाते.