कामगाराची पिशवी आणि शेतकऱ्याची पाटी

पंचगंगेवरच्या पुलामुळे जिला ‘पुलाची शिरोली’ हे नाव पडले, तिच्या शिवारात आज बिडाच्या भट्ट्या पेटतात. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेच्या या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. ज्या घराने जमीन दिली, त्याच घरातला मुलगा पुढे मोल्डिंगच्या वाळूत उभा राहिला, असे येथे अनेकदा घडले. शिरोली, नागाव, हालोंडी, टोप या गावांतले कित्येक कामगार आजही सकाळी वैरण कापून पहिल्या पाळीला येतात. शेतकरी आणि कामगार हे दोन वर्ग आहेत असे पुस्तकांत आम्ही वाचले. येथे मात्र ते पुष्कळदा एकाच अंगरख्यात सापडतात.

तरीही याच कामगाराच्या घरी येणारी वांगी बहुधा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जाऊन, दोन-तीन हात बदलून परत येतात. ती पिकलेली असतात कदाचित त्याच्या चुलत्याच्याच रानात! हे असे का झाले, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे. पगारवाढीच्या माणसाला भाजीच्या भावाशी काय देणे-घेणे, अशी शंका कोणी घेईल. मागणीपत्रे लिहिण्यात उमर घालवल्यावर आम्हांस एवढे कळले आहे की, मिळालेली वाढ कोणत्या भोकातून गळून जाते हे पाहिल्याशिवाय नवी वाढ मागण्यात फारसा अर्थ नसतो. आणि कामगाराच्या पगाराचा मोठा वाटा पोटाकडेच जातो.

थेट व्यवहार ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. बलुत्याच्या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार यांना खळ्यावरच धान्य मिळे. मध्ये ना दुकान, ना नाणे. परंतु या थेटपणाचे गोडवे गाणाऱ्यांशी आमचे जमत नाही. कारण त्या खळ्यावर कोणाला पुढे उभे राहून मिळे आणि कोणाला लांब उभे राहून, हे सर्वांना ठाऊक आहे. देणारा व घेणारा समोरासमोर आले म्हणजे न्याय झाला असे होत नाही. ते कोणत्या नात्याने समोर आले, हेही पाहावे लागते.

या बाबतीत कोल्हापूरने एक धडा घालून दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. सुधारणेची उदाहरणे सांगताना ही गोष्ट नेहमी सांगतात. आम्ही ती बाजाराच्या इतिहासात घालतो. भाजी, दूध, शिजवलेले अन्न हे पदार्थ असे आहेत की, विकणाऱ्याची जात पाहून गिऱ्हाईक पाठ फिरवू शकत असे. तेव्हा बाजार सर्वांना खुला करणे हे केवळ कर माफ करण्याचे काम नव्हते. घोट घेऊन दाखवण्याचेही होते.

महाराजांनी 1894 साली राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा व सवलती दिल्या. कोल्हापूरचा गूळ गुजरातेपर्यंत जाऊ लागला, आणि 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ऊस पिकवणाऱ्या मुलखाला दूरची बाजारपेठ हवीच होती. सगळा गूळ येथेच कोण खाणार? यावरून ध्यानात यावे की, मधला व्यापारी हा नेहमीच लबाड म्हणून जन्मलेला नसतो. दूरचा माल दूरच्या गिऱ्हाइकाला पोचवणे हे काम आहे आणि कामाला मोल असते. पण 1896-97 च्या दुष्काळात धान्याचे भाव चढले तेव्हा याच महाराजांनी बाहेरून धान्य आणवून स्वस्त दराची दुकाने उघडली. पेठ वसवणारा हातच पेठेला आवर घालीत होता. व्यापार हवा, पण टंचाईच्या वेळी पोटावर त्याची सत्ता नको, हा तो हिशेब होता.

कोल्हापुरात थेट खरेदीचे सर्वांत जुने आणि सर्वांत लाडके रूप पाहायचे असेल, तर दुधाच्या कट्ट्यावर जावे. गंगावेशीत म्हैस आणून उभी करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, आणि फेसाने भरलेला पेला हातात येतो. तालमीतल्या पैलवानांनी धारोष्ण दुधाची ही चटक गावाला लावली. येथे पाणी घालायला जागा नाही, भेसळ तपासायला अधिकारी नको, दर्जाचा शिक्का नको. डोळा हाच निरीक्षक. दूध न उकळता पिण्यातले धोके वैद्यकाने आता सांगितले आहेत आणि ते खरे आहेत. तरी विश्वास कशाने उत्पन्न होतो, ते या कट्ट्याइतके कोठे स्पष्ट दिसत नाही. अर्थात या रीतीने साऱ्या शहराला दूध पुरणार नाही. लाखभर घरांच्या दारी म्हशी उभ्या करता येत नाहीत. म्हणून 1963 साली जिल्ह्याचा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपले ‘गोकुळ’, स्थापन झाला. मध्यस्थ गेला नाही. पण मध्यस्थाची मालकी उत्पादकांच्या हाती आली. आम्हांस हा फार मोठा फरक वाटतो.

आता बाजार समितीकडे वळू, कारण मधल्या माणसाविषयीचा सगळा राग हल्ली तिच्यावर निघतो. ती आली त्याआधीचा बाजार कसा होता? ‘हत्ता’ पद्धतीत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी बसून रुमालाकडे पाहत राही. मग आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नावांनी त्याची पट्टी कातरली जाई. धर्मादायही त्याच्याच पैशाने! 1928 साली शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, 1939 मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला आणि 1963 मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा केला. उघड लिलाव, खरे वजन आणि निवडलेली समिती ही त्यातली तत्त्वे होती. आमच्या मते तो शेतकऱ्याच्या बाजूचा कायदा होता. पुढे परवाने मोजक्या हातांत राहिले, आवाराबाहेर विकण्याला बंदी आली, आणि संरक्षणासाठी घातलेले कुंपणच अडसर बनले. जुलै 2016 मध्ये राज्याने फळे व भाजीपाला या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडी बाजार सुरू करण्यात आले. कांदा-मुळ्याच्या मळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव त्याला दिले, हे शोभून दिसले.

येथे युनियनवाल्याने एक अडचणीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. मधली साखळी तोडा, असे सभेत म्हटले की टाळ्या पडतात. पण त्या साखळीत पाठीवर पोते घेतलेला हमालही आहे. 1969 साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी बांधलेली संघटना होती. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1970 च्या दशकात ‘कष्टाची भाकर’ केंद्रे काढून कष्टकऱ्याला स्वस्त आणि सकस अन्न दिले. आपण शेतकऱ्याकडून थेट वांगी घेतली तर कोणाचे पैसे वाचले? अडत्याच्या नफ्याचे की हमालाच्या मजुरीचे? दोन्ही एकाच रकमेत दिसतात, म्हणून ते वेगळे करून पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. आम्ही स्वतः अडत्याच्या नफ्यावर डोळा ठेवतो. हमालाच्या घामावर नाही.

मग कामगार थेट घेत का नाही? आळसामुळे, असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. आमचे निरीक्षण निराळे आहे. त्याचे पहिले कारण पगाराच्या तारखेत आहे. पगार महिन्यातून एकदा, सात तारखेच्या आसपास होतो. वीस तारखेनंतर खिशात रोख उरत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार वहीत मांडून घेतो. पाटी घेऊन आलेली शेतकरीण मांडून घेऊ शकत नाही. तिला संध्याकाळी परतताना तेल-मीठ न्यायचे असते. म्हणजे थेट बाजार रोखीवर चालतो आणि कामगाराचे घर उधारीवर. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली, पण मुळात खात्यातच नसतील तर यंत्र काय करणार?

ही गाठ इंग्लंडातील रॉचडेल गावच्या विणकरांनी फार पूर्वी ओळखली होती. 1844 च्या डिसेंबरात, भरहिवाळ्यात, 28 जणांनी एकेक पौंड जमवून टोड लेनमध्ये दुकान उघडले. पीठ, ओटचे पीठ, साखर, लोणी अशा मोजक्याच जिनसा. दुकान संध्याकाळी उघडे असे. माल निर्भेळ, माप पुरे, आणि उधारी मुळीच नाही, हे त्यांचे नियम. शिल्लक राहिलेला नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत मिळे. उधारी बंद करणे हे गरिबाला क्रूर वाटेल. परंतु ज्याच्या वहीत तुमचे नाव आहे त्याच्या मापाला तुम्ही नाव ठेवू शकत नाही, हे त्या विणकरांनी भोगून जाणले होते.

आमच्या जिल्ह्यात सहकाराची कमतरता नाही. 1939 मध्ये तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी संघ निघाला, वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने वारणा बाजार उभा राहिला. साखर, दूध, सूत यांच्या संस्था तर पुष्कळ. पण नीट पाहिले तर यांतल्या बहुतेक पिकवणाऱ्याच्या बाजूने बांधलेल्या आहेत. खाणाऱ्याच्या बाजूने, त्यातही कारखान्यातल्या खाणाऱ्याच्या बाजूने, बांधणी फार थोडी झाली. याचा दोष आम्ही कामगार चळवळीला देतो. आम्ही मालकाशी बोलायला शिकलो, बाजाराशी बोलायला शिकलो नाही.

इतर राज्यांनी काही केले आहे. आंध्रात 1999 च्या जानेवारीत रयतू बाजार निघाले. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला मदुराईत पहिली उळवर संधै, म्हणजे शेतकऱ्यांची मंडई, उघडली. तेथे शेतकऱ्याला ओळखपत्र व तराजू मिळाला, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने व्यापारी येऊन बसू नये. ओट्यावर खरा शेतकरी कोण, हे ठरवणे हेच अशा बाजाराचे खरे दुखणे असते. आपल्याकडच्याही पुष्कळ ‘शेतकरी बाजारां’त सकाळी यार्डातून माल उचलून आणणारे भेटतात. त्यांनाही पोट आहे, हे मान्य. पण मग पाटीवर खरे तेच लिहावे.

दोन प्रसंगांनी आमचे डोळे उघडले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. नदीच्या एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला आम्ही. मालट्रकांच्या रांगा लागल्या. शहरात दूध, भाजी, इंधन यांची टंचाई झाली. 2021 च्या जुलैत तेच पुन्हा. लांबून येणाऱ्या अन्नावर विसंबण्याचा धोका यातून दिसला, असे व्याख्यानांतून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच पाण्यात जवळच्या मळ्यांतली भाजीही कुजली. जवळचे अन्न आणि लांबचे अन्न, दोन्हींशी नाते ठेवावे लागते; एकावरच सगळा भार टाकणाऱ्याला नदी विचारीत नाही. 2020 च्या टाळेबंदीत मात्र निराळे घडले. यार्डांचे व्यवहार विस्कळीत झाले, आणि अनेक गावांतले शेतकरी टेंपो भरून थेट वसाहतींच्या दारात आले. पाळीवरून घरी बसलेल्या कामगाराने त्या दिवसांत पिकवणाऱ्याचे तोंड पाहिले. पुढे फाटके उघडली, भोंगे वाजू लागले, आणि टेंपो आपल्या वाटेने गेले.

याचे दुसरे कारण त्या भोंग्यातच आहे. सकाळची पाळी दुपारी सुटते, दुपारची मध्यरात्रीच्या सुमारास, आणि रात्रीचा माणूस सकाळी झोपायला जातो. आठवडी बाजाराचा वार आणि कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा वार यांची गाठ पडेलच असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तीत विश्रांती होती, देवदर्शन होते आणि बाजारही होता. ज्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी पडत नाही, त्याच्या सुट्टीतला एक तुकडा कोणीतरी काढून घेतलेला असतो. त्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार एका खोलीत पाच-सहा राहतात. त्यांना आठवड्याचा बाजार भरून ठेवायला जागा नसते. ते रोज पावकिलो घेतात, आणि पावकिलोचा भाव नेहमीच चढा असतो.

म्हणून आमचे लक्ष हल्ली कारखान्याच्या कँटीनकडे लागले आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीन काढायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशी तरतूद केली. 2020 च्या संहितेत कँटीनचा हा आकडा 100 वर आला आहे. शंभर माणसांची रोजची भाजी म्हणजे एका लहान मळ्याचे हमखास गिऱ्हाईक. येथे उधारीचा प्रश्न येत नाही, पाळीचा येत नाही, साठवणीचाही येत नाही. नागावच्या किंवा हालोंडीच्या चार शेतकऱ्यांनी मिळून आठवड्याचा भाव आगाऊ ठरवायचा आणि माल सकाळी फाटकावर वजन करून द्यायचा, एवढीच ही मागणी आहे. ठेकेदार म्हणतो, पावसाळ्यात माल चुकला तर जेवणाचे काय? प्रश्न रास्त आहे. पावसाळ्याचे चार महिने ठेकेदाराने यार्डातून घ्यावे आणि उरलेले आठ महिने रानातून, असे आम्ही त्याला सुचवले आहे. त्यावर त्याने दराचा कागद मागितला. तो कागद शेतकऱ्यांबरोबर बसून करण्याचे काम सध्या चालू असून कांदा-बटाटा त्यातून वगळावा की ठेवावा, एवढ्यावर बोलणी अडली आहेत.