साथीचे सेवेकरी आणि आपले ऋण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिका ही एका अर्थाने ऋणांची वही असते. संस्थेची मुहूर्तमेढ रोवणारे, देणग्या देणारे, वर्षानुवर्षे पदरमोड करून गणेशोत्सव आणि शारदोत्सव पार पाडणारे, अशा सर्वांची नावे तीत आदरपूर्वक नोंदविली जातात, आणि ते उचितच आहे. परंतु आपल्या मंडळाच्या गेल्या पन्नास वर्षांत असाही एक काळ येऊन गेला, की ज्यात सभागृहाला कुलूप होते, उत्सव घरातल्या घरात उरकले जात होते, आणि आपण सर्व जण ज्यांच्या भरवशावर जगलो त्यांची नावे मात्र आपल्या कोणत्याच वहीत लिहिली गेली नाहीत. त्या ऋणाचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्य प्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी आढळले, ते आपल्या जबलपुरातच. हे सर्व जण परदेशातून परतलेले होते. राज्यात त्या वेळी तपासणीची सोय असलेल्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक, १९८४ साली स्थापन झालेली जनजातीय आरोग्य संशोधन संस्था, याच शहरात होती. दोनच दिवसांनी, २२ मार्चला, सायंकाळी पाच वाजता सारा देश सज्जांत आणि गच्च्यांवर उभा राहिला. टाळ्या, थाळ्या, घंटा आणि शंख यांचा निनाद झाला. पुढे ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लागले, आणि ३ मे रोजी सैन्यदलाच्या विमानांनी व हेलिकॉप्टरांनी देशभरातील अनेक रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. भयग्रस्त माणसांना आपण एकटे नाही असे वाटावयास लावण्याचे सामर्थ्य त्या नादात होते. तथापि साथीत सेवा करणाऱ्यांशी समाज कसा वागला, याचे उत्तर अशा एखाद्या संध्याकाळीवरून मिळत नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. साथ पुण्यास पोहोचली तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे वय पासष्ट वर्षांच्या पुढे गेलेले होते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या. त्याच सेवेत त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. आज त्यांचे नाव पुणे विद्यापीठास आहे. त्यांच्या शैक्षणिक कार्याचा तो यथोचित गौरव आहे. परंतु साथीच्या रोग्याची शुश्रूषा करताना त्यांनी देह ठेवला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात शेवटच्या ओळीत येते.

त्याच पुण्यात त्याच वर्षी दुसरेही चित्र दिसले. रँडसाहेबांच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरे धुंडाळली, देवघरापर्यंत बूट नेले, माणसे ओढून छावण्यांत नेली. लोक रुग्ण लपवू लागले, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकमान्य टिळकांनी या जुलमावर कोरडे ओढले; परंतु तेवढ्यावर न थांबता लोकांना आपलेसे वाटेल असे हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि शहर न सोडता ते तेथेच राहिले. रोग एकच, उपाययोजनाही पुष्कळशी एकच. पण दारात कोण उभा आहे आणि तो कसा बोलतो, यावर दार उघडणे अवलंबून होते. दारातील माणसावर विश्वास ठेवता येणे, हीच साथीच्या काळातील कृतज्ञतेची पहिली पायरी होय.

कृतज्ञतेला उशीर कसा होतो, हे हाफकिन यांच्या चरित्रावरून कळते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली आणि सर्व दोष हाफकिन यांच्या माथी आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता, हे मान्य व्हावयास १९०७ साल उजाडले. आणि परळच्या संस्थेस त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

हाफकिन यांना उशिरा का होईना, न्याय मिळाला. १९१८ च्या सेवेकऱ्यांना तोही मिळाला नाही. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईस आलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबरानंतर अधिक उग्र होऊन आगगाडीच्या मार्गांनी देशभर पसरला. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग १८७० साली जबलपुरातच एकमेकांस मिळाले होते. तेव्हा हे शहर त्या वाटेवरच होते. जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, तो प्रांत सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. हिंदुस्थानात त्या साथीने १.२ ते २ कोटी माणसे दगावली असे अभ्यासकांचे अनुमान आहे. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या भूभागातील लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाखांनी घटली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात असे एकच दशक आहे. महायुद्धामुळे पुष्कळसे डॉक्टर त्या वेळी सैन्यासोबत देशाबाहेर होते. मग पेज कोणी पाजली, अंगावर पांघरूण कोणी घातले, तिरड्या कोणी बांधल्या? दाया, परिचारिका, कंपाउंडर, सफाई कामगार आणि शेजारपाजारची धडधाकट माणसे यांनीच हे केले असले पाहिजे. तो काळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता हयात नाहीत आणि त्या सेवेकऱ्यांची नावेही त्यांच्याबरोबरच गेली.

आपल्या शहरातील सार्वजनिक रुग्णालयांच्या नावांकडेच पाहावे. राणी व्हिक्टोरियाच्या नावाचे रुग्णालय आज सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. एल्गिन रुग्णालयास राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. १९५५ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करते. ही नावे आम्हांस वंदनीयच आहेत. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसला नेताजी तापाने फणफणलेल्या अवस्थेत आले होते आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले होते, ही आठवण या शहराने जपली आहे. मात्र त्यांच्या उशाशी कोण जागले, हे किती जणांस ठाऊक आहे? राज्य बदलले तशी रुग्णालयांची नावे बदलली. परंतु या तिन्ही दारांवर, आत राबून गेलेल्या एखाद्या परिचारिकेचे नाव ना तेव्हा आले, ना आता आहे.

२०२० साली तरी आपण अधिक शहाणे झालो होतो काय? ज्या हातांनी थाळ्या वाजविल्या, त्यांपैकीच काहींनी भाड्याने राहणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना खोल्या सोडावयास सांगितले. दिल्लीच्या निवासी डॉक्टरांना त्याबद्दल मार्चमध्येच गृहमंत्र्यांकडे तक्रार करावी लागली. चेन्नईत कोरोनाने वारलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाच्या वेळी दगडफेक झाली. आपल्या शेजारच्या इंदूरमध्ये १ एप्रिल २०२० रोजी तपासणीस गेलेल्या पथकावर दगड आले. त्या पथकातील दोन महिला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच वस्तीत कामावर हजर झाल्या, हेही त्याच पानावर लिहावयास हवे. मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ साली झालेल्या साथरोग कायद्यात सरकारचे अधिकार होते, आज्ञाभंगाची शिक्षा होती. पण शुश्रूषा करणाऱ्यांना हल्ल्यापासून संरक्षण देणारे कलम नव्हते. ते १२३ वर्षांनी, २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आले आणि त्यात सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली. फुले उधळली गेली त्याच्या अकराच दिवस आधी असा कायदा करावा लागावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,५०० आरोग्यसेवक कोरोनाने मृत्यू पावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात केवळ दुसऱ्या लाटेत सुमारे ८०० डॉक्टर गेल्याची नोंद भारतीय वैद्यक संघटनेने केली. सरकारने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला, ही जमेची बाजू. परंतु दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या आशाताईंना कोरोनाच्या कामाबद्दल केंद्राकडून मिळत होते महिन्याला १,००० रुपये. महाराष्ट्रातील आशाताईंना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील १० लाख आशाताईंचा गौरव केला. सन्मान जिनिव्हात झाला. मानधनाचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर घरी परतला.

आमचे म्हणणे एवढेच, की कृतज्ञतेला उत्सवाचे रूप सहज येते, नोंदीचे आणि वेतनाचे रूप येत नाही. वेतनाचा निर्णय आपल्या मंडळाच्या हाती नाही. त्यासाठी आवाज उठविणे मात्र आहे. नोंद तर सर्वस्वी आपल्याच हाती आहे. जबलपुरातील ज्या डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, आया, प्रयोगशाळेतील सहायक, रुग्णवाहिकाचालक, सफाई कामगार आणि स्मशानातील सेवक यांनी २०२० व २०२१ मध्ये काम केले, त्यांची नावे, भाषा-जातीचा भेद न करता, मंडळाच्या ग्रंथालयात एका वहीत लिहून ठेवावीत, अशी आमची विनंती आहे. सभासदांनी आपल्या घरच्या रुग्णाची शुश्रूषा कोणी केली ते आठवावे, त्या व्यक्तीस विचारावे, आणि तिची संमती असल्यास नाव कळवावे. काही जण आजही त्याच वॉर्डात रात्रपाळी करीत आहेत. १९१८ ची वही आता कोणालाच लिहिता येणार नाही. २०२० ची अजून येते.