वर्ध्याची यंत्रपरीक्षा

१९२९ सालीं १ लाख रुपये ही सामान्य रक्कम नव्हती. त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत अखिल भारत चरखा संघानें एवढें बक्षीस एका सुधारलेल्या चरख्यासाठीं जाहीर केलें, तेव्हां अनेकांच्या भुंवया उंचावल्या असतील. कारण संघाचे प्रवर्तक गांधीजी यंत्रांचे वैरी म्हणूनच सर्वत्र गाजत होते. वस्तुतः १९२४ सालींच त्यांनीं शिवणयंत्राचा अपवाद करून आपला विरोध कशास आहे तें सांगितलें होतें. यंत्रास विरोध नव्हता, यंत्राच्या वेडास होता. शिवणयंत्राचे कारखाने निघावेत, परंतु ते राष्ट्राच्या मालकीचे किंवा निदान सरकारच्या नियंत्रणाखालीं असावेत, अशी त्यांची पुस्ती होती. लोकांनीं विरोध तेवढा लक्षांत ठेविला, पुस्ती विसरून गेले.

बक्षिसाच्या अटी मात्र मुळांतूनच वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें असावें, खेड्यांतील झोंपडींत मावावें, हातानें किंवा पायानें चालावें, आणि एखाद्या बाईस फारसा शीण न होतां त्यावर ८ तास काम करतां यावें. तेवढ्या वेळांत १२ ते २० नंबरचें १६,००० फूट सूत निघावें. किंमत १५० रुपयांवर जाऊं नये. तें २० वर्षें टिकावें, व दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नसावा. संशोधकानें खुशाल पेटंट घ्यावें, पण बक्षीस हवें असेल तर त्याचे हक्क संघाच्या स्वाधीन करावे. यंत्र किती काम करतें एवढेंच न विचारतां, तें कोणाच्या घरीं राहील, कोण दुरुस्त करील आणि मालकी कोणाची, हेंही येथें विचारलें आहे.

याच प्रश्नांना पुढें वर्ध्यास घर मिळालें. वर्धा जिल्हा कांहीं यंत्रांस अनोळखी नव्हता. हिंगणघाटचा कापूस दूरवर नांवाजलेला. हिंगणघाट व पुलगांव येथें कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. अशा कापसाच्या मुलखांत डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग व इमारत दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी म्हणूं लागले. चिटणीस झाले जे. सी. कुमारप्पा. हे विलायतेंत हिशेबतपासनिसाचें शिक्षण घेतलेले, अमेरिकेंत सार्वजनिक अर्थशास्त्र शिकलेले. भावनेच्या भरांत खेड्याकडे वळलेले नव्हेत. वस्तु किती स्वस्त पडली एवढें पाहून त्यांचें समाधान होत नसे. तिचा पैसा कोणाच्या पदरीं पडला, हा त्यांचा खरा हिशेब.

मगनवाडींत हातकागद होई, वनस्पति-तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला, आणि झवेरभाई पटेल यांनीं तेलघाण्याची सुधारणा हातीं घेतली. तेल-गिरण्यांमुळें गांवोगांवच्या तेल्यांचा धंदा बसत चालला होता. जुना घाणा तसाच कवटाळून तेली जगला नसता. उलट गिरणीचें यंत्र आणावें, तर तें त्याच्या ऐपतीबाहेरचें. म्हणून उखळी मोठी करून एका वेळीं अधिक बी मावेल, बैलाचा फेरा वायां जाणार नाहीं, असा घाणा रचला गेला. तो ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखला जातो. तेल गांवांत, पेंडही गांवांतच गुरांपुढें. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींनीं तेथेंच मगन संग्रहालय उघडलें.

आज वर्ध्याच्या बाजारांतील कापड-दुकानदार किंवा घरगुती मसाल्यांचा धंदा करणारी बाई त्या तेल्याच्याच जागीं उभी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांपुढें आलें आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें मोबाईलवर येऊन बसलीं. उधारीचें आठवणपत्र, मालाची जाहिरात, परगांवच्या व्यापाऱ्यास इंग्रजी उत्तर, हीं कामें कारकुनावांचून उरकतात. १९२९ च्या अटी लावून पाहिल्या तर पहिल्या कांहींत हें यंत्र सहज उतरतें. वजन खिशांतील मोबाईलचें, शीण मराठींत बोलण्याचा. सुताचा दर्जा मात्र बेभरंवशाचा: चरख्यावर धागा तुटला तर डोळ्यांस दिसतो, येथें तुटलेला धागाही अखंडच भासतो, त्यामुळें बेरीज आणि भाव मालकानेंच पडताळावे लागतात.

पुढच्या अटींवर तें अडखळतें. फुकट मिळतें तोंवर ठीक. पुढें वर्गणी महिन्याची, आणि दर ठरविणारा बहुधा परदेशीं. २० वर्षांची गोष्टच नको. आज हातवळणीं पडलेली रीत कांहीं महिन्यांत पालटते, आणि बिघाड झाल्यास गांवच्या लोहाराचें तेथें कांहीं चालत नाहीं. शिवाय गिऱ्हाइकांचीं नांवें, खरेदीचे भाव, उधारीची वही, जें दुकानदार शेजाऱ्यास दाखवीत नाहीं, तेंच यंत्राच्या हवालीं करण्याचा मोह होतो. कांहीं साधनें खुलीं असून स्वतःच्या संगणकावर चालवितां येतात. केंद्र सरकारनें २०२२ मध्यें ‘भाषिणी’ हा भाषांतराचा सार्वजनिक उपक्रम सुरू केला, त्यांत मराठीही आहे. हक्क संघाच्या स्वाधीन करण्याच्या जुन्या अटीशीं याच दिशेचें नातें अधिक जवळचें वाटतें. तरी दुकानदाराच्या बोटांखालीं सहसा येतें तें परक्या कंपनीचें साधन, कारण तें आधीं येतें आणि गोड बोलतें.

बक्षिसाची हकीकत मात्र अपुरीच राहिली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें काळे यांनीं रचलेलें यंत्र परीक्षेस पाठविलें. खटपट मोठी होती, नांव मोठें होतें. परंतु यंत्र सर्व अटींस उतरलें नाहीं आणि परीक्षकांनीं अट सैल केली नाहीं. स्वातंत्र्यानंतर एकंबरनाथ या तमिळ कार्यकर्त्यानें अनेक चात्यांचा चरखा घडविला. तोच सुधारून ‘अंबर चरखा’ झाला, आणि द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५५ सालीं त्याचा पुरस्कार केला. लाखाचें तें बक्षीस कोणासच मिळालें नाहीं.